वाळवंटातली पोर

पुण्याच्या माझ्या नणंदेचं एकच पालुपद असतं, "वाळवंटात वाढलेली तुमची पोर, तिला नदी काय कळणार?" शारजात अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमधून टॉवर आणि ट्रॅफिकच दिसतो, हे खरं. त्यात लेक मराठी प्रश्नाला उत्तर देते इंग्रजीत.

यंदा सुट्टीत जपानला गेलो. एका खेड्याजवळच्या खोल घळीत उतरलो. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधून हिरवी, खळाळती नदी. नवऱ्याने कॅमेरा काढला. "यल्ला, चला, पाण्यात उभ्या राहा पटकन!"

लेकीने बूट काढले, पण पाय टाकला नाही. आधी वाकली, बोटं पाण्यात बुडवून डोळ्यांना लावली आणि मगच नदीत उतरली.

"हे कोणी शिकवलं गं तुला?"

"यू डू इट, आई. एव्हरी टाइम, ॲट द बीच."

शारजाजवळच्या ममझरच्या समुद्रात पाय ठेवण्याआधी मी असाच नमस्कार करते. तेव्हा हिचं तोंड फोनमध्ये असतं, असं मी धरून चालले होते.

नवऱ्याने नेमका तो क्षण टिपला होता. फोटो मी तिथूनच नणंदेला पाठवला. खाली लिहिलं, "वाळवंटात वाढलेली आमची पोर."