शांत बकऱ्याचं मटण

माणसाच्या रागाचा इतका बारीक अभ्यास केलेला आणि स्वतः जन्मात कुणावर न रागावलेला माणूस अख्ख्या कोल्हापुरात आमच्या दाजींशिवाय दुसरा सापडणार नाही. सापडला तर सगळ्या शिवाजी पेठेला मी माझ्या खर्चानं मिसळ घालीन! दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे मुरगूडचे, कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायचे, आणि त्यांचं सगळं शास्त्र कपडे वाळत घालायच्या चिमट्यांवर उभं होतं. शर्टाच्या खिशात पेन नसायचं, चिमटे असायचे. रिक्षावाला असो, न्हावी असो, दाजी त्याच्या बाहीला चिमटा लावून सांगायचे, "तू म्हणजे एक प्रोटीन. हा चिमटा म्हणजे फॉस्फेट. एवढासा लागला की तुझा आकार जरासा वाकतोय, नि बंद पडलेलं काम चालू होतंय, नाहीतर चालू असलेलं बंद पडतंय. अख्खी पेशी ह्याच्यावर चालती की!" ऐकणारा बिचारा मान डोलावत चिमट्यासकट घरी जायचा. ताईला सारखे नवे चिमटे आणायला लागत, आणि त्यांच्या घरी कुणाच्याही अंगावर चिमटा दिसला की बोलता बोलता तो काढून ठेवायची तिच्या हाताला सवयच लागून गेली होती.

आता पेशीत हा फॉस्फेट लावणारी एन्झाइमं वेगळी आणि काढणारी वेगळी. सगळं जग लावणाऱ्यांच्या मागं. दाजींनी मात्र आपलं आयुष्य काढणाऱ्याला वाहिलेलं. "लावायचं कौतुक काय सांगता? रागवायला कुणालाबी येतंय. उतरवतो कोण, ते बघायला पायजे!" त्यासाठी मुंबईहून किरणोत्सर्गी फॉस्फरस यायचा, जो पंधरवड्यात निम्मा विरून जायचा. तो जिथं चिकटेल तिथं एक्स-रे फिल्मवर काळा डाग उठतो, आणि काढणारं एन्झाइम घातलं की डाग फिका होत नाहीसा होतो. लोक उठलेला डाग मिरवतात, दाजी गेलेला डाग मिरवायचे. एकदा ओळखीच्या हाडाच्या डॉक्टरांच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवून ते बाहेर आले, तर खांदा निखळलेल्या एका पैलवानानं विचारलं, "ह्यात हाड कुठं हाय ओ?" दाजी म्हणाले, "हाड न्हाय, बकऱ्याची भीती हाय. हितं दिसती बघा, नि हितं गेली!" पैलवान तपासून न घेताच घरी गेला म्हणतात.

बकऱ्याची भीती म्हणजे खरंच भीती. जनावर घाबरलं की पळायला साखर मोकळी व्हावी म्हणून त्याच्या स्नायूतल्या एन्झाइमला आधीच फॉस्फेट लागून बसतो, मग दाजींचा फॉस्फरस चिकटणार कुठं? म्हणून त्यांना न घाबरलेल्या बकऱ्याचं मटण लागायचं. रविवारी सकाळी पेठेतल्या दुकानात, अख्खं गाव रश्श्याच्या घाईत असताना, हे गृहस्थ बर्फ भरलेला डबा घेऊन विचारायचे, "ह्यातलं शांत कुठलं?" मटणवाला हात जोडायचा. "सर, मी मटण इकतो. बकऱ्याच्या मनातलं मला कसं कळायचं?" "काल रात्री नीट खाल्लंवतं का, तेवढं तरी सांगा की!" मागची रांग नुसती कावलेली असायची.

त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला आमचे बाबा उभे असायचे. बाबा निवृत्त हेडमास्तर. ताई कॉलेजला जाते म्हणून जेवणाचा डबा घेऊन घरातून निघाली ती दाजींशी, जातीबाहेर, रजिस्टर लग्न करूनच थांबली. "जातीचं एक वेळ गिळलं असतं. पण मला विचारलं का न्हाय?" एवढं बोलून बाबांनी तिचं नाव टाकलं. दाजी समोर आले तरी बाबा मान फिरवायचे. आणि आता ताईला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण, तिचं ब्लड प्रेशर चढत होतं, आणि तिला आईजवळ यायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं हो तिचं! आई पदरानं डोळे पुसायची, मी चोरून ताईकडं जाऊन यायचो, आणि बाबा पेपर वाचायचे. मला तर तो पेपर फाडून टाकावासा वाटायचा.

अशाच एका रविवारी मटणवाल्यानं भरलेले दोन डबे फळीवर ठेवले. दोन्ही आमच्याच घरचे, आईनं जोडीनं घेतलेले, दोन्हींवर बाबांचं नाव कोरलेलं. एक ताई घेऊन गेली होती ना! दाजींकडं बघायचं नाही म्हणून बाबांनी मान वळवूनच हात लांब केला आणि लागला तो डबा उचलून घरी आणला. आई म्हणाली, "हे काय, बर्फात घालून दिलंय आज?" आणि तिनं मटण धुवून, हळद-मीठ लावून गॅसवर चढवलं.

पातेल्याला वाफ धरली तोवर दाजी धापा टाकत दारात. लग्नानंतर पहिल्यांदा. "आई, गॅस बंद करा! माझं शांत बकरं हाय ते!"

बाबा खुर्चीतून म्हणाले, "शांत म्हणजे?"

झालं! हेडमास्तरांनी प्रश्न विचारला आणि दाजी कुठं उभे आहेत तेच विसरले. आमच्याच दोरीवरचा चिमटा काढून त्यांनी बाबांच्या बाहीला लावला.

"हे लागलं. एवढ्यानं माणूस बदलतोय. बाकी तो तोच असतोय बघा."

"आणि निघतं कसं?"

"आपसूक न्हाय निघत. जन्म जातोय. कुणीतरी काढायलाच लागतंय."

बाबा बाहीकडं बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "ती कशी हाय?"

"प्रेशर वाढलंय. रोज तुमची वाट बघती."

आई रडायला लागली. बाबा उठले, पायात चपला घातल्या, आणि म्हणाले, "चला पावणं. आणूया तिला."

मीही मागून धावलो. ताईनं दार उघडलं. बापलेक एकमेकांकडं बघत उभे. आणि ताईचा हात आपला सवयीनं पुढं गेला आणि तिनं बाबांच्या बाहीचा चिमटा काढला. मग दोघंही जे रडले! मी मात्र कितीतरी महिन्यांनी हुश्श केलं.

बाळंतपण आमच्या घरी सुखरूप झालं, भाची झाली. प्रयोग बुडाला, फॉस्फरस विरून गेला, दाजींची पीएचडी लांबली. त्यांनी हूं की चूं केलं नाही. पुढं बाबा आणि दाजी रविवारी जोडीनंच दुकानात जायचे, आणि बकरं शांत आहे का हे आता बाबाच दरडावून विचारायचे.

पुढं दोन हजार साल उलटल्यावर फक्त फॉस्फेट लागलेलंच प्रोटीन ओळखणारी अँटिबॉडी बाटलीत मिळायला लागली. किरणोत्सर्ग नको, बर्फाची धावपळ नको. दाजी म्हणाले, "सोपं झालं, बरं झालं," आणि खिशातले चिमटे चाचपत राहिले. बाबा त्यानंतर थोड्याच दिवसांत गेले. दाजी अजून रविवारी मटणाला जातात, दोन्ही डबे घेऊन. फळीवर शेजारी शेजारी ठेवतात, आणि एकच भरून आणतात.