दत्तू अण्णांचं ‘या जेवायला’

दत्तू अण्णांनी डब्याचं झाकण काढलं, की पहिल्या घासाआधी जो कोणी नजरेला पडेल त्याला ते ‘या जेवायला’ म्हणत. उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, दुपारच्या सुट्टीत वर क्रेनवर बसलेल्या माणसालाही मान उंच करून बोलवायचे. तो वरूनच म्हणायचा, "असू द्या अण्णा, जेवा निवांत." आमच्याकडची रीतच ही. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं नको म्हणायचं, आणि दोघांनीही समाधान पावायचं.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मालकांनी आम्हा तिघांना नव्या मशीनचं काम शिकायला पश्चिम जर्मनीला पाठवलं. मी डिप्लोमा झालेला, बऱ्यापैकी इंग्रजी येणारा, म्हणून म्होरक्या. अण्णा माझ्याच गावचे, उचगावचे. वयानं मोठे असल्यामुळे माझ्या हाताखाली असूनही मला बाळूच म्हणायचे. तिथं महिनाभर पाव आणि उकडलेले बटाटे खाऊन आम्ही कंटाळलो होतो. "जिभंला शेवाळ आलंय रं," अण्णा म्हणायचे. त्यांच्या ट्रंकेत ज्वारीचं पीठ, बेसन आणि वहिनींनी दिलेली शेंगांची चटणी होती, पण ते हात लावू देत नव्हते. "मोका येऊ दे."

तो मोका शनिवार-रविवारच्या सुट्टीत आला. तिथल्या कारखान्यातल्या एकानं तळ्याकाठचं एक स्वस्त होस्टेल सुचवलं. एकावर एक खाटा, सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर, आपलं आपण रांधायचं आणि भांडीही आपणच घासायची. डोंगरांच्या मधोमध निळंशार तळं. अण्णा काठावर उभे राहून म्हणाले, "आपल्याकडचं राकसकोपचं धरणच हाय की हे. म्हशी तेवढ्या न्हाईत." मग लंगोटावर पाण्यात उतरले आणि तेवढ्याच झपाट्यानं बाहेर आले. "म्हशी का न्हाईत ते कळलं," दात वाजवत म्हणाले. शिवाप्पा, आमचा तिसरा गडी, हसून गवतावर आडवा झाला. महिन्याभरात आम्ही एवढं हसलो नव्हतो.

रविवारी दुपारी अण्णांनी भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं. पीठ तेवढंच होतं, सगळं संपलं. तळ्याकाठी गवतावर गोल करून बसलो. तेवढ्यात हातात काठ्या घेतलेली हिंडायला निघालेली म्हातारी मंडळी वाटेवरून जाऊ लागली. अण्णांनी हात वर केला. "या जेवायला."

ती थांबली. हे काय म्हणतात, असं एका आजीबाईंनी मला इंग्रजीत विचारलं.

आता खरं तेच लिहितो. ‘तुम्हाला नमस्कार म्हणतात’ एवढं सांगून मला निभावता आलं असतं. पण इंग्रजी दाखवायची हौस. मी उठून उभा राहिलो आणि सांगितलं, की आम्ही तुम्हाला आग्रहानं जेवायला बोलावतो आहोत, अगदी सगळ्यांना. ते नको म्हणतील याची मला खात्रीच होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, काठ्या गवतात ठेवल्या आणि मांडी घालायचा प्रयत्न करू लागले.

"बाळू, हे बसलं की रं," शिवाप्पा पुटपुटला.

"अण्णा, आता?"

"आता काय? ताटावर आलेल्या माणसाला उठवतोस व्हय?" अण्णांनी भाकऱ्या हातात घेतल्या आणि चतकोर-चतकोर करायला लागले. "भाकरी मोडली की वाढतीया. तू कांदा फोड."

आजीबाईंनी चटणीचा घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, आणि पुन्हा मागितली. मग त्यांच्या पिशव्यांतून चीज, सफरचंदं, घरचा केक निघाला. एका आजोबांनी माउथ ऑर्गन काढला. होस्टेलची व्यवस्थापक बाई काय गडबड आहे म्हणून बघायला आली, तर तिलाही अण्णा म्हणाले, "या जेवायला." या वेळी मी भाषांतर केलं नाही. तीही बसली. सगळ्यांची पोटं भरली, वर केक उरला.

परत आल्यावर ऑफिसात मी ही गोष्ट रंगवून सांगितली. माझं भाषांतर गाळलं. अण्णांनी वाटेवरून हाताला धरधरून माणसं आणून बसवली आणि आम्ही उपाशी राहिलो, अशी केली. सगळे पोट धरून हसले. पुढच्या खेपेला कुणाला पाठवायचं हे ठरत होतं. अण्णांची जायची फार इच्छा होती. मालक म्हणाले, "दत्तू नको. तिथं पंगती घालत बसंल." सगळ्यांबरोबर मीही हसलो. अण्णा राहिले ते राहिलेच.

मला ते एवढंच म्हणाले, "झ्याक सांगतोस रं बाळू. पन उपाशी ऱ्हायलो म्हणू नको. माझी भाकरी कमी पडली असं व्हतंय ते."

तरीही मी बदललं नाही. मालक गेले, फौंड्रीही बंद पडली. अजून जुने कामगार भेटले की माझ्याच शब्दांत ती गोष्ट सांगतात आणि अण्णांना हसतात. म्हणून हे लिहिणं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अण्णा आजारी पडले. पिरनवाडीला मुलाकडे होते. मी गेलो तेव्हा भिंतीला टेकून ताटलीतली पेज पीत होते. मला पाहताच त्यांचा हात वर झाला. "ये बाळू, जेवायला."

‘असू द्या अण्णा’ ओठांवर आलं होतं. ते गिळलं, चपला काढल्या आणि त्यांच्यासमोर मांडी घातली.

अण्णांनी ताटली बाजूला ठेवली. मग हसू लागले, पार खोकला येईपर्यंत. "आरं, तू बी जर्मन झालास व्हय?" आणि आत तोंड करून म्हणाले, "सूनबाई, एक ताट आण गं. ह्यो खराच बसला."