बिनझाकणाची कणगी

आमच्या धानोऱ्याच्या मामांइतका देवाला अडचणीत आणणारा ख्रिस्ती माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल. एका रविवारी पाळकांनी उपदेशात सांगितलं, की हात सैल सोडून देणाऱ्याच्या पदरात देव शिगोशीग माप ओततो. आम्ही सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं आणि घरी जाऊन जेवलो. मामांनी घरी जाऊन ज्वारीच्या कणगीचं झाकण काढलं. “देवनं वरतून टाकं आनि झाकणवर सांडाई गयं तं?” हा त्यांचा सवाल. पुढे ते झाकणही शेजारणीच्या कोंबडीची पिल्लं झाकायला देऊन टाकलं.

माझ्या लग्नाला ते नंदुरबारच्या ख्रिस्ती देवळात अनवाणी आणि अर्ध्या पागोट्यानिशी हजर झाले. वहाणा वाटेत मिरच्यांच्या पोत्यांखाली वाकलेल्या एका हमालाला गेल्या होत्या, फाडलेलं अर्धं पागोटं स्टेशनवरच्या कुणा बाळंतिणीच्या लेकराला. मी लाजेनं मेलो. मी पडलो दानपेटीत आणा टाकतानाही तो शेवटच्या बाकापर्यंत खणखणावा अशा बेतानं टाकणारा! मामा मात्र रोज सकाळी उठल्या उठल्या मामीला विचारत, “काय वं, काही पडनं का?” मामी कणगीकडे न बघताच सांगे, “हां, दोन उंदरं पडनात.”

मग एका उन्हाळ्यात सातपुड्यातून मजुरीला उतरलेलं एक कुटुंब दारात आलं आणि मामांनी पेरणीसाठी राखलेली ज्वारी त्यांच्या ओटीत ओतली. “आते पेरसूत काय? तुमनी प्रार्थना?” मामी किंचाळली. मामा खाली मान घालून म्हणाले, “तेसनं पोर भुकं व्हतं वं.” त्या वर्षी पाऊस अगदी वेळेवर आला. सगळ्यांची शेतं हिरवी झाली, मामांचं तेवढं उघडं राहिलं. ज्यांना दिलं त्यांतलं कुणी फिरकलं नाही. मीही मामांसाठी प्रार्थनाच केली. ज्वारीपेक्षा ती स्वस्त पडते.

भादव्यात मामा तापानं आडवे झाले. अंगात ताप काढायला काही उरलंच नव्हतं. शेवटच्या सकाळी त्यांनी पुन्हा विचारलं, “काही पडनं का?” जन्मात खोटं न बोललेली मामी म्हणाली, “पडनं. निम्मी कणगी भरनी.” मामांचा चेहरा उजळला. “मंग दी टाक कोणले तरी,” म्हणाले, आणि गेले.

माती झाल्यावर मी एक पोतं ज्वारी आणि बुरुडाकडून कणगीचं नवं झाकण घेऊन गेलो. मामीनं ज्वारी कणगीत ओतली, झाकण घट्ट बसवलं. तेवढ्यात दारात एक बाई, कडेवर तान्हं. “मरीसन बी मन्ही पाठ सोडत नही हाऊ माणूस!” मामीनं छपराकडे बघत मामांचा उद्धार केला, आणि शिव्या देत देतच बाईचा पदर भरला. बाहेर भादव्याचं ऊन रणरणत होतं. नवं झाकण त्या तान्ह्याच्या डोक्यावर सावली धरत गावाबाहेर गेलं.

मामी कणगीशी टेकून बसली होती. “काही पडनं का, मामी?” मी उगाच विचारलं.

“नही रे, भाऊ.” बराच वेळ ती छपराकडे बघत राहिली. मग जराशी बाजूला सरकली, वरून येणाऱ्याला वाट करून द्यावी तशी.