तीस सेकंद थांबायचं नाही

पूल ओलांडल्यावर वन्संनी ट्रायपॉड माझ्या खांद्यावर दिला.

"धर जरा. भावजय झालीस ती काय नुसता चहा करायला?"

घरून निघून पाऊण तास झाला होता आणि अजून तेवढंच चालायचं होतं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. रिक्षा करू या म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, हिसक्यांनी लेन्स ढिली होते. कॅमेरा गळ्यात, त्यावर एक हात, आणि चाल अशी की मला मागून जवळजवळ पळावं लागत होतं.

"अहो वन्सं, कुणी मागे लागलंय का आपल्या?"

"मागे नाही गं," त्या म्हणाल्या आणि चाल आणखी वाढवली.

वन्संनी लग्न केलं नाही. वीस वर्षं एका फोटो स्टुडिओत त्या निगेटिव्हवरचे डाग बारीक कुंचल्याने भरत असत. कुणाच्या गालावरचा व्रण, कुणाच्या खांद्यामागे चुकून आलेलं डोकं, सगळं त्यांच्या हातून नाहीसं व्हायचं. पन्नाशीला आल्या आणि स्टुडिओ बंद पडला. मग त्यांनी नवशिक्यांसाठी असतो तसला साधा डिजिटल कॅमेरा घेतला. सोबत आलेली लेन्स तेवढीच, दुसरी त्यांनी कधी घेतली नाही. घरं विकणाऱ्या एका एजंटसाठी त्या रिकाम्या घरांचे फोटो काढायला लागल्या, त्याला नऊ वर्षं झाली. त्यावर त्यांचं घर चालतं, आणि ते त्यांचं एकटीचं घर आहे.

कॅमेऱ्यावरच्या गोल चकतीत फूल, डोंगर, पळणारा माणूस अशी चित्रं आहेत. मी एकदा विचारलं होतं, ही कशाला?

"ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी. आपण एमवर ठेवायचं. एम म्हणजे सगळं आपल्या हाताने."

त्यांची रीत अशी. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, सगळ्यात कमी, लेन्सचं छिद्र बारीक, शटर तीस सेकंद. दोन सेकंदांचा टायमर लावायचा, म्हणजे बटण दाबताना कॅमेरा हलत नाही. तीस सेकंद कॅमेऱ्याचा डोळा उघडा राहतो. तेवढ्यात त्या काळे कपडे घालून, हातात झाकलेला दिवा घेऊन खोलीभर चालतात आणि अंधारे कोपरे उजळतात. चालतं माणूस फोटोत उमटत नाही. थांबलं की उमटतं. म्हणून थांबायचं नाही. नऊ वर्षांत शेकडो खोल्यांतून त्या अशा चालल्या आणि एकाही फोटोत दिसल्या नाहीत.

गेल्या दोन महिन्यांत मात्र तीन घरांच्या फोटोंत कोपऱ्यात एक बाई दिसली. धुरकट, तिच्यातून भिंत दिसतेय अशी. एजंटने फोन केला. "बाई, गिऱ्हाईक विचारतंय, घराबरोबर ही पण मिळणार का?" आधी हसला. मग म्हणाला, आता शेवटचं एक घर देतो. यातही ती दिसली तर काम बंद.

वन्सं म्हणत, मी थांबलेलेच नाही. माझे यजमान म्हणत, ताई थांबते आणि विसरते, डोकं चालेनासं झालंय, तिला आपल्याकडे आणून ठेवू. मला त्यांनी बजावून पाठवलं होतं, नीट बघ आणि काय ते खरं सांग. वन्संनाही हे ठाऊक होतं.

"तुझा नवरा मला खुर्चीत बसवून दोन वेळा जेवायला घालणार," त्या चढावर दम न लागता म्हणाल्या. "चांगला आहे बिचारा. पण मी बसले की संपले. तू बघ. थांबले तर तोंडावर सांग."

घर रस्त्याच्या टोकाला होतं. एजंटने दिलेल्या किल्लीने दार उघडलं तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते, पण मागच्या खोलीत उजेड नव्हताच. खिडकीला लागूनच शेजारची भिंत. सामान काहीही नाही. फरशीवर पलंगाच्या पायांच्या चार खुणा. माझ्या तोंडात आपसूक देवाचं नाव आलं.

वन्संनी काळा सदरा चढवला, चपला काढल्या, ट्रायपॉड उभा केला. दाराच्या चौकटीवर फोकस धरला आणि लेन्सवरची कळ सरकवून तो तिथेच पक्का केला.

"कॅमेऱ्यामागे उभी राहा. हात लावू नकोस."

बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकला आणि टक् असा आवाज झाला. माझ्या हातात घड्याळ नव्हतं, मी देवाचं नाव घेत मोजू लागले. वन्सं डावीकडून निघाल्या. अनवाणी पावलांचा आवाज नाही. दिव्याचा उजेड भिंतीवरून पाण्यासारखा सरकत गेला. सहा, सात, आठ. पलीकडच्या कोपऱ्यापाशी पोहोचल्या आणि उभ्या राहिल्या.

पाठ माझ्याकडे, तोंड भिंतीकडे. दिव्याचा हात खाली लोंबत होता. मान किंचित कलली, कुणीतरी हळू बोलतंय आणि ते नीट ऐकायचंय अशी. मी हाक मारली नाही. मोजणं तेवढं चालू राहिलं. एकवीस झाल्यावर त्या वळल्या आणि जणू काही झालंच नाही अशा सरळ चालत माझ्याजवळ आल्या. टक्.

"बघ," त्या म्हणाल्या. "थांबले का?"

फोटो लगेच दिसत नाही. तीस सेकंद घेतल्यावर हा कॅमेरा आणखी तीस सेकंद डोळा मिटून आपल्या चित्रात अंधारामुळे आलेले ठिपके दाण्यांसारखे निवडत बसतो. पडद्यावर नुसतं 'बिझी'. तेवढ्या वेळात मला उत्तर द्यायचं होतं. वन्संचा चेहरा लहान मुलीसारखा उत्सुक होता. खोटं बोलले असते तर कॅमेऱ्याने मला अर्ध्या मिनिटात उघडं पाडलं असतं, आणि तसंही देवाचं नाव तोंडात असताना ते जमलं नसतं.

"थांबलात," मी म्हटलं. "त्या कोपऱ्यात. तेरा मोजेपर्यंत."

त्या हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. "मला तर त्यातला एकही क्षण आठवत नाही," एवढंच म्हणाल्या.

पडद्यावर फोटो आला. खोली सुरेख उजळली होती. कोपऱ्यात बाई उभी होती. वन्संनी बटण दाबून तेवढाच भाग मोठा केला. काळ्या सदऱ्याची सावली ओळखू येत होती. पण वर जिथे मला पाठमोरे केस दिसले होते, तिथे फिकट चेहरा होता, कॅमेऱ्याकडे बघणारा. वळताना उमटला असेल, असं मी मनाशी म्हटलं. पण वळायला असा कितीसा वेळ लागतो? आणि चेहरा वन्संचा आहे असं मला म्हणवेना.

वन्संनी फोटो पुन्हा लहान केला.

"घरी काय सांगायचं ते तू ठरव," त्या म्हणाल्या. "खोटं बोल म्हणणार नाही मी. पण हा फोटो मला आज द्यायचाय, आणि तो रिकामा द्यायचाय."

त्यांनी पिशवीतून दुसरा काळा सदरा काढला. तो माझ्या मापाचा होता. मी अंगात घातला. वन्संनी शटरचा आकडा पुन्हा एकदा तपासला, टायमर लावला आणि आपला गार पंजा माझ्या हातात दिला.

"आता तू माझ्याबरोबर चाल. त्या कोपऱ्याशी माझा पाय अडला तर ओढ मला. मी सोड म्हणाले तरी सोडू नकोस. आणि तिथे मी कुणाशी बोलायला लागले, तर मला मध्येच हाक मार. माझ्या नावाने नको, वन्सं म्हणूनच मार. तशी हाक मला तुझ्याशिवाय कुणी मारत नाही."