भागामावशीची ठकी

भागामावशी कुणाचं बाळंतपण करायला निघाली की आधी खिडकीतल्या काचेच्या बरणीत डोकावायची. "ठके, येते वं मी," असं सांगून मगच पिशवी उचलायची. ठकी म्हणजे मांजर नव्हे, पोपटही नव्हे. तळहाताएवढी, आठ पायांची, अंगभर केस असलेली कोळीण. अनसिंगच्या शाळेत विज्ञान शिकवायला रुजू होऊन मी मावशीच्या शेजारची खोली घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी ही बरणी पाहून ओसरीवरून थेट अंगणात उडी मारली होती. वर "नीट दिसावं म्हणून मागे सरलो," असंही म्हणालो होतो.

मावशी गावाची सुईण. लहानपणी ज्या घरांनी तिला उंबऱ्याबाहेर उभं केलं, तिथल्या लेकीसुनाही आता तिचीच वाट पाहत. याबद्दल ती कधी बोलली नाही. बोलायची ती ठकीबद्दल.

महिनाभरात माझी भीती गेली आणि हौस आली. शाळेची तपासणी होणार होती. साहेबांपुढे जिवंत कोळीण ठेवली तर आपलं नाव वाशीमपर्यंत जाईल, असा माझा बेत. मावशी मला शेताच्या धुऱ्यावर घेऊन गेली आणि एका बिळाच्या तोंडाशी तिने गवताची काडी हलवली. लांब पायांचा, किडकिडीत अंगाचा कोळी बाहेर आला. मी लगेच डबा पुढे केला.

"सोडा त्याले. नर हाये तो," मावशी म्हणाली. "मोठा झाला का बायको धुंडत भटकते अन् वर्षाच्या आत मरते. बाईमानूस घ्या. एका बिळात जनम काढते."

बत्तिसाव्या वर्षीही मी स्थळं पाहत हिंडत होतो, त्यामुळे हे मला जरा लागलं. दुसऱ्या बिळातून तिने जाड पोटाची मादी काढून दिली. बरणीत ओलसर माती, झाकणात पाणी, आठवड्याला एक-दोन नाकतोडे. "अन् हात नोका लावू. पाह्याची चीज हाये ते, खेळाची नाही." मी मान डोलावली. मास्तर माणसाला सांगायची सवय असते, ऐकायची नसते.

तपासणीच्या आदल्या दिवशी माझी कोळीण बरणीत उताणी पडलेली दिसली. पाय वर, हालचाल नाही. आठवडाभर तिने नाकतोड्याला तोंड लावलं नव्हतं. मावशी शेलूबाजारला लेकीकडे गेली होती. तिची वाट पाहायला हवी होती, पण मी पडलो बी.एस्सी. मृत्यूनंतर शरीर कसं ताठरतं यावर वर्गाला पाऊण तास शिकवलं आणि घंटा होताच तिला स्पिरिटच्या बाटलीत सोडलं. पडताना तिचा एक पाय हलला. स्पिरिटमुळे हलला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि वळणदार अक्षरात तिचं शास्त्रीय नाव लिहून चिठ्ठी डकवली. साहेबांनी फक्त अक्षराची तारीफ केली.

मावशी परतल्यावर मी ऐटीत बाटली तिच्यापुढे धरली. तिने ती उजेडाकडे फिरवली. जुनी कात कडेने उकलली होती आणि फटीतून आतले नवे केस दिसत होते.

"मास्तर, मेली नव्हती हो हे," ती म्हणाली. "कात टाकून राह्यली होती. उतानी होऊनच टाकते. बाईचं बाळंतपन अन् हिचं कात टाकनं एकच. दार लावाचं, गप बसाचं."

"मला कसं कळणार?"

"नाही कळत तं थांबावं मानसानं. मले तरी कुठं सारं कळते? मी थांबते."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्यासाठी चहा टाकला. त्या हललेल्या पायाची मला अजून लाज वाटते.

पुढच्या उन्हाळ्यात मावशी तापाने चार दिवसांत गेली. जाण्याआधी लेकीला म्हणाली, "ठकी मास्तरले दे. आता थांबता येते त्याले."

महिनाभराने एका सकाळी ठकी उताणी दिसली. मी दार ओढून घेतलं आणि दिवसभर ओसरीवर बसून राहिलो. दहा वेळा कडीकडे हात गेला, दहा वेळा मागे घेतला. घरमालकाला रेडिओ बंद करायला लावला. कोळ्यांना कान नसतात, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. उन्हं कलल्यावर दार उघडलं. जुनी कात एका कडेला पडली होती आणि तिच्याशेजारी नवीकोरी ठकी उभी होती.

मी धावत शेजारी सांगायला गेलो. हाताला कुलूप लागलं तेव्हा आठवलं. तिथेच पायरीवर बसून रडलो. आयुष्यात एवढं एकच बाळंतपण मी केलं, तेही दाराबाहेर बसून, आणि ते नीट झालं हे ऐकायला मावशी हवी होती.