रामकिशनकाका आणि मिलटरीचा दोर

तव्यावरची भाकरी फुगायला आली होती, दुधावर एक डोळा होता आणि सासूबाई आतून चटणीची बरणी मागत होत्या. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना दार बडवणारा माणूस अख्ख्या चाकुरात एकच.

"ताई, नट आवळायला आलो. मिलटरीची चावी द्या."

मिलटरी म्हणजे आमचा ट्रक. फौजेनं मोडीत काढलेला हा ट्रक माझ्या सासऱ्यांनी, वीरण्णांनी, लिलावात घेतला तेव्हा सासूबाईंनी त्यांच्याशी अबोला धरला होता म्हणे. सिमेंट-लोखंडाच्या दुकानाला त्याचा तसा उपयोग नाही. पण त्याच्या नाकाडावर विंच आहे, म्हणजे तारेचा जाड दोर गुंडाळणारा लोखंडी रूळ. उसाच्या हंगामात काळ्या रानात ट्रॉली रुतली की तालुकाभरातून फोन येतात ते त्या विंचसाठी.

आणि विंच म्हणजे रामकिशनकाका. उमेदीची वर्षं फौजेच्या वर्कशॉपमध्ये काढून ते गावी परतले आणि आमच्या अंगणात हा ट्रक बघून "अरं, ही तर माझी गाडी!" म्हणून ओरडले. तिचीच एखादी बहीण असेल, पण काकांना कोण सांगणार? तेव्हापासून दोराची देखभाल त्यांच्याकडे. हंगामाआधी ते सगळा दोर अंगणभर उलगडतात आणि चामडी हातमोजे घालून त्यावरून चिंधी फिरवत जातात. चिंधी अडकली, की तिथं तार तुटलेली. मोज्यांशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत. "कुत्रं भुंकून तरी चावतं," म्हणतात, "ह्यो न भुंकता चावतो." मग तेल, ग्रीस, आणि लुगड्याच्या निऱ्या कराव्यात तसे एकाला एक लागून वळसे.

दोराचं टोक कोयरीच्या आकाराच्या लोखंडी कड्याभोवती वळवून मागं आणायचं आणि तीन क्लिपांनी मूळ दोराला जखडायचं. ओढ घेतो तो दोर जिता, मागं आलेलं आखूड शेपूट मेलं. क्लिपेची सपाट बैठक जित्याला, वाकवलेली सळई मेल्याला. काका हे नट फिरवताना पुटपुटत असतात, "जित्याला पाट, मेल्याला फास." माझ्या मुलांनी ते पाढ्यांच्या आधी पाठ केलं.

गेल्या रविवारी काकांनी झिजलेलं टोक कापून नवं कडं आणि नव्या क्लिपा बसवल्या होत्या. नवी बांधणी पहिल्या ओढीत दबते, म्हणून नट पुन्हा आवळावे लागतात. त्यासाठीच ते आले होते. मला मात्र चावी काढून देववेना. आदल्या संध्याकाळी सोमेश, माझा नवरा, ट्रॉली ओढून परतला तो तोंड पाडूनच. "दोर सरकलाय. काकांचे डोळे गेले. उद्या लातूरचा मिस्त्री येतोय, यापुढं तोच बघेल."

आता सोमेशच बाहेर आला.

"काका, बसा. चहा घ्या."

"चहा मागून. आधी चावी."

"दोर सरकलाय काका. तुमचा पांढरा पट्टा क्लिपेपासून चार बोटं लांब गेलाय."

काम संपलं की काका शेपटावर, कड्याच्या बाजूनं क्लिपेला अगदी खेटून, पांढऱ्या पेंटचा पट्टा मारतात. तो लांब गेला, की शेपूट निसटतंय असं समजायचं.

"मी बांधलेला? सरकला?"

"वय झालं की होतं असं. लातूरहून माणूस बोलावलाय."

"हाव का? मंग त्यो यायच्या आत मला बघू दे. तुला नाक पुसता येत नव्हतं तवापासून ह्यो दोर बांधून राहिलो. मला न दावता काढून घेतोस व्हय?"

मी गॅस बंद केला आणि मागोमाग अंगणात गेले. काका विंचपुढं वाकले. पट्टा होता. क्लिपेपासून कड्याकडे, चांगला चार बोटं. काकांनी टोपी काढली आणि पुढच्या बंपरवर बसले. मिशीला रोज पीळ देणारा हा माणूस, पाना मांडीवर ठेवून नुसता बसून राहिला.

"दिसतंय तर खरं," ते म्हणाले. "मंग डोळंच गेलं म्हणायचं."

मला राहवेना. मी वाकून पाहिलं. पट्टा रुंद होता, पण सलग नव्हता.

"काका, तुम्ही पट्टे किती मारता?"

"येक. पेंट काय फुकट येतो?"

"हे तीन आहेत."

काकांनी चटकन मोजा काढून स्वतःचाच नियम मोडला आणि अंगठा फिरवला. पेंट कुठला! चिमटीत राख आली. मी ओसरीकडे पाहिलं, मग सोमेशनं, मग काकांनी. सासूबाई, नागम्मा, पदर सावरत उभ्या होत्या. कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे.

"माझ्याकडं काय बघताय? सोमवारी मीच लावलं. नवं काम झालं, तर भस्म लावू नको?"

"अव्वा, दोराला?" सोमेश म्हणाला.

"मग कुणाला? ट्रॉली कोण ओढतं, दोर का तू?"

काकांनी क्लिपेजवळचं धूळ-ग्रीस चिंधीनं पुसून काढलं. खाली त्यांचा पट्टा होता. एकच, क्लिपेला खेटून, जिथं मारला होता तिथंच. काका असे हसले की शेजारचे गच्चीवर आले.

"अक्का, तुमच्या महादेवानं मला घरी बसवलं असतं की!"

"अय्यो! त्यानंच तर धरून ठेवलं, म्हणून सरकला नाही."

"जय भीम म्हणून बांधलाय म्या, म्हणून सरकला न्हाई."

हा वाद काही मिटला नाही, पण नट आवळून झाले. आधी या बाजूचा थोडा, मग त्या बाजूचा थोडा, असे तिन्ही क्लिपांचे. सोमेशनं मिस्त्रीला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं आणि निमूटपणे चिंधी धरून उभा राहिला.

"आता बोल, डोळं कुणाचं गेलं?"

"माझे, काका."

"मंग लातूरला जाऊन दावून ये."

सोमेश हसला, पण लगेच गंभीर झाला. "चुकलं माझं, काका. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा."

काकांनी टोपी घातली, मिशीला पीळ दिला आणि सोमेशला सोडून सासूबाईंकडे वळले.

"अक्का, पुढल्या पूजेला मला बोलवा. भस्म कुठं लावायचं त्ये मी दावतो."