डाव्या पायाची गाडी

माझे भाऊजी शेषराव यांना दोन्ही पाय एका जागी ठेवून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. टीव्हीसमोर बसले की डावा पाय चालू. लग्नात जेवायला बसले, ताटात वरण-भात, वर तुपाची धार, आणि टेबलाखाली डावा पाय फरशी दाबतोय, सोडतोय, पुन्हा दाबतोय. शेजारचा माणूस आधी खाली वाकून उंदीर आहे का बघतो, मग भाऊजींच्या तोंडाकडे बघतो आणि विचारतो, "एसटीत होते काय?"

होते. अमरावती डेपोचे ड्रायव्हर, आणि बहुतेक सगळी नोकरी धारणीच्या रस्त्यावर. परतवाडा सोडलं की मेळघाटचा घाट लागतो. वळणामागून वळण, आणि रस्ता आपला म्हणायला रस्ता. भरलेली बस चढावर उभी करायची, समोरून येणाऱ्या जीपला वाट द्यायची आणि बोटभरही मागं न सरकू देता पुन्हा उचलायची. हे अर्ध्या क्लचचं काम, म्हणजे पेडल निम्मंच दाबून गाडी इंजिनाच्या जोरावर तोलून धरायची. ते शेषरावांसारखं कोणाला जमत नाही, असं त्यांचे कंडक्टर सांगत. भाऊजी स्वतः तर सांगतच. माझी मोठी बहीण कौशल्याताई त्यांना दिली तेव्हा आमच्या वडिलांनी मुलाकडची भातकुलीची काळी जमीन पाहिली होती. पण नवरदेव वऱ्हाडाची गाडी स्वतः चालवत मांडवापर्यंत आला, तेव्हाच आम्ही ओळखलं की जमीन धाकटा भाऊ कसणार आणि हा गृहस्थ काही स्टेअरिंग सोडत नाही.

माझं अमरावतीत बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि माल ने-आण करायला एक जुनी ओम्नी आहे. भाऊजी बरोबर असले की ओम्नीची चावी मी मुकाट्यानं त्यांच्या हातात देतो. दुसऱ्याच्या शेजारी बसून प्रवास करायला ते काही सामान नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

अशा माणसाला त्याच्या पोरानं, देवानंदनं, निवृत्तीनंतर क्लच नसलेली गाडी घेऊन दिली.

पोराचा हेतू चांगला होता. गेल्या दसऱ्याला पुण्याहून आला, गाडी दारात उभी केली आणि म्हणाला, "बाबा, जिंदगीभर क्लच दाबला, आता आराम करा." ताईनं गाडीला हळद-कुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. भाऊजींनी कॉलनीत दोन फेऱ्या मारल्या, उतरले आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "किशोर, हे गाडी मी नाही चालवून राहिलो. हे मले फिरवून राहिली."

मला वाटलं, होईल सवय. नव्या सुनेला आणि नव्या गाडीला घरात रुळायला वेळ द्यावा लागतो. पण दिवाळी झाली आणि भाऊजींची तळमळ उलट वाढली. पूर्वी पाय बसल्यावर हलायचा, आता दाढी करतानाही हलायला लागला. रात्री अंथरुणातसुद्धा पलंगाची पट्टी दाबतात, अशी ताईची तक्रार. सकाळी माझ्या दुकानात येऊन बसायचे. बसायचे म्हणजे उठायचे, फवारणीच्या औषधाच्या बाटल्या उगीच सरळ करायचे, दारापर्यंत जायचे, परत बसायचे. त्यांच्याकडे बघून माझंच डोकं दुखायचं.

"या गाडीनं माहा डावा पाय मारून टाकला," ते म्हणायचे. "इंजिन उभं राह्यलं तं जाम होते का नाही? तसाच पाय. काम नसलं तं जाम होते."

"मंग सायकल घ्या," मी म्हणालो.

"सायकल दोन पायाइची असते. मले डाव्याचं काम पाह्यजे." आणि मग, गिऱ्हाईक समोर उभं असताना, अगदी सरळ आवाजात म्हणाले, "क्लच नाही तं मी ड्रायव्हर नाही. आन ड्रायव्हर नाही तं मंग मी कोन हाय, सांग."

मी गिऱ्हाइकाला तुरीचं बियाणं दाखवायला लागलो. पण मला ते बोलणं आवडलं नाही, दिवसभर डोक्यात राहिलं.

मग एकदा आले ते हसतच. कोणा मेकॅनिकनं त्यांना सांगितलं होतं की गाडीच्या पोटातला गिअरबॉक्स साधाच आहे. त्याच्यावर फक्त एक मोटर बसवलेली असते, ती आपल्याऐवजी क्लच दाबते आणि गिअर टाकते. भाऊजींना एवढंच हवं होतं. "म्हंजे आत सगळं आपलंच हाय, किशोर. क्लच हाय, प्लेट हाय. फक्त पाय माहा नाही, मोटरचा हाय. ते मोटर काढाची आन माहा पाय बसवाचा, झालं."

झालं कसलं, तिथून सुरू झालं. क्लचचं पेडल आणि ते बसवायचं ब्रॅकेट. क्लचची केबल. गिअरची दांडी, तिच्या दोन केबली. वरची मोटर नसलेला गिअरबॉक्स, तो अपघातात चेपलेल्या गाडीचा मिळाला तर स्वस्तात. प्लेट आणि बेअरिंग मात्र नवीनच, त्यात कंजुषी नाही. एवढी जुळवाजुळव होते न होते तोच कळलं की गाडीचा कॉम्प्युटरही बदलावा लागेल, नाहीतर गाडी आपली हरवलेली मोटर शोधत बसते आणि सुरूच होत नाही. कॉम्प्युटर आला की वायरिंग आलं, वायरिंग आलं की मजुरी वाढली. पन्नास हजारात बसणारं काम माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसल्या बसल्या पंचाऐंशीला पोचलं. शिवाय वॉरंटी जाणार आणि आरटीओच्या चकरा वेगळ्याच. नाकापेक्षा मोती जड झाला होता. देवानंदनं फोनवर स्वच्छ सांगितलं की एवढ्या पैशात क्लचवाली जुनी गाडीच येईल. भाऊजींनी फोन ताईच्या हातात दिला आणि म्हणाले, "सांग त्याले, पोरानं देल्ली ते गाडी इकत नसते."

मला राग आला होता, उगीच कशाला खोटं बोलू. हट्टाला काही सुमार असतो. घरी पंख्याचं बटण बिघडलं तर सहा महिने काडीनं पंखा लावणारा हा माणूस, आणि चालती गाडी उघडून बसणार. ताईनं तरी बोलावं ना. एरवी कोथिंबिरीच्या जुडीवरून अख्खी गल्ली गोळा करणारी बाई, पण या बाबतीत गप्प. अकोल्यात धर्मेंद्र नावाच्या मेकॅनिककडे त्यांना हवं ते सगळं सामान एकाच गाडीतून निघालंय असं कळलं आणि भाऊजी निघाले, तेव्हा ती फक्त मला म्हणाली, "तू जाय त्याइच्या संगं. भाव कराले नाही. असाच जाय."

मे महिना होता. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, भाऊजींचं तोंड थांबलं नाही आणि पायही थांबला नाही. रस्ता सुरेख, गाडी आपली आपण गिअर बदलतेय, आणि हे डाव्या पायाखालची रबरी चटई दाबतायत. मध्ये चहाला थांबलो तर कप अर्धा ठेवून उठले. "चाल ना बे, बॉक्स कोनी घेऊन गेला तं?"

बॉक्स कोणी नेला नव्हता. धर्मेंद्रनं तो पुसून गोणपाटावर मांडून ठेवला होता. पस्तिशीचा माणूस, बोलायला नरम, भावाला कडक. भाऊजी लगेच उकिडवे बसले. दांडा हातानं फिरवला, कान लावून आवाज ऐकला, दाते बोटानं चाचपले, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की माझा राग थोडा उतरला. मी भावाला हात घातला. पाच हजार खाली, दोन वर, असं आमचं चाललेलं, तेवढ्यात धर्मेंद्र म्हणाला, "काका, पैशाचं मंग पाहू. माह्याजवळ याच मॉडेलची क्लचवाली गाडी हाय. एक चक्कर मारून पाहा. पायाले पटलं तं घ्या."

भाऊजी चावीकडे झेपावलेच. धर्मेंद्र शेजारी बसला, मी मागं. पहिला गिअर पडला, गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली आणि भाऊजींनी आरशात माझ्याकडे पाहिलं. मला कबूल करावं लागलं की हा माणूस या जागेसाठीच जन्मला आहे. दुसरा, तिसरा, ऑटोच्या मधून अलगद काढून परत दुसरा. एकदाही गाडीनं आचका दिला नाही.

उड्डाणपुलाच्या चढावर गर्दी तुंबली होती. भाऊजींनी गाडी अर्ध्या क्लचवर धरली, हँडब्रेकला हात न लावता, आणि ती तिथंच उभी राहिली. त्यांना केवढं समाधान झालं ते मागून मानेवरूनही दिसत होतं. गर्दी सुटली, गाडी चढली, पूल उतरायला लागली. आणि मला काहीतरी करपल्याचा वास आला.

"काका, क्लचवरून पाय काढा," धर्मेंद्र म्हणाला.

"काढला ना."

"नाही काढला, काका. प्लेट जळून राहिली."

"अरे, काढला म्हंतो ना मी. तुही प्लेटच लोकल असन."

मी दोन सीटांच्या मधून डोकं घालून खाली पाहिलं. पाय पेडलवर होता आणि पेडल अर्धं खाली गेलेलं होतं. वास वाढला तशी भाऊजींनी पुलाखाली कडेला गाडी घेतली, दार आपटून उतरले आणि रस्त्यावर उभे राहून धर्मेंद्रला सुनावायला लागले. प्लेट लोकल आहे, पेडलची स्प्रिंग मेलेली आहे, असला माल अमरावतीच्या माणसाला दाखवायची हिंमत कशी होते. मीही उतरलो. अकोल्याचं मे महिन्यातलं बारा वाजताचं ऊन. डांबर मऊ झालेलं, माझ्या चपलेच्या तळव्यातून आच वर येत होती, म्हणून मी सावली शोधत खाली बघत होतो. तेव्हा मला भाऊजींचे पाय दिसले.

उजव्या पायात चप्पल होती. डावा अनवाणी होता, पुरा टेकलेला, सगळा भार त्याच्यावर. आणि ते भांडत होते.

धर्मेंद्रनंही पाहिलं. तो उत्तर देता देता थांबला. गाडीत वाकला, क्लचखाली अडकलेली चप्पल ओढून काढली आणि आणून त्यांच्या पायापुढं ठेवली. भाऊजींनी चपलेकडे पाहिलं. मग पायाकडे पाहिलं. मग गाडीला एक हात टेकून त्यांनी पाय उचलला आणि टायर तपासावा तसा तळवा वळवून बघितला. लाल झाला होता, टाचेजवळ कातडी सुटत होती.

आम्ही त्यांना कडूलिंबाखाली बसवलं. मी बाटलीतलं पाणी तळव्यावर ओतायला लागलो. "झोंबते काय, भाऊजी?"

"नाही," ते म्हणाले. "तेच तं."

मी बाटली रिकामी होईपर्यंत ओतत राहिलो. मग तेच सांगायला लागले, माझ्याकडे न बघता. दसऱ्याच्या आधीपासून पाय असा होता. कापसाच्या गादीवर ठेवल्यासारखा. डॉक्टर म्हणाला, साखरेनं होतं. पण गाडी आली त्याच दिवसांत तो जास्त सुन्न झाला, म्हणून त्यांना वाटलं की गाडीनंच केलं. "दाबून पाह्यत जाओ मी. फरशी दाबाची, चटई दाबाची. खालून काही येते काय म्हणून. फरशी काई बोलत नाही. म्हटलं क्लच बोलन. क्लचले स्प्रिंग असते, ते पाय वापस लोटते. रोज लोटलं तं होईन मोकळा."

पंचाऐंशी हजारांचं औषध आणायला आम्ही अकोल्याला आलो होतो, आणि हे मला तिथं, पुलाखाली कळलं. ताईला ते कधीपासून ठाऊक होतं देव जाणे. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. धर्मेंद्र उगीच गाडीपाशी जाऊन बॉनेट उघडून उभा राहिला.

गॅरेजवर परत आणलं त्यानंच. भाऊजी मागच्या सीटवर बसले. गोणपाटावरचा बॉक्स तसाच होता. धर्मेंद्रनं विचारलं, "काका, ठेवू काय दोन-चार दिवस?"

"नको. कोनी चांगला गिऱ्हाईक आला तं देऊन टाक. दाते मस्त हायेत त्याचे," भाऊजी म्हणाले. जळलेल्या प्लेटचे पैसे किती, तेही त्यांनी विचारलं. धर्मेंद्र घेईना, तर त्याच्या खिशात कोंबले.

आपल्या गाडीपाशी आलो तेव्हा त्यांनी चावी माझ्यासमोर धरली. मला कळेना. "तुमच्या गाडीले तं डावा लागतच नाही," मी म्हणालो. "उजवा बरा हाय ना?"

"उजवा हाय अजून," ते म्हणाले. "पण डाव्याचंबी आधी मी असंच म्हनो." आणि डाव्या बाजूचं दार उघडून बसले.

मी तसली गाडी आयुष्यात चालवली नव्हती. अकोला सुटेपर्यंत जीव मुठीत होता, पुढं रस्ता मोकळा मिळाला तसा थोडा सावरलो. बोरगाव मंजूच्या अलीकडे पुढचा ट्रक एकाएकी मंदावला. ओम्नीची सवय, माझा डावा पाय क्लच शोधायला गेला आणि रुंद ब्रेकवर सगळ्या जोरानं पडला. गाडी जागच्या जागी थांबली, आम्ही दोघं पुढं आदळलो, मागचा टेम्पो हॉर्न वाजवत बाजूनं निघून गेला. आता शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घातली.

भाऊजींनी आपला पट्टा नीट केला. "डावा पाय मागं घे, किशोर," ते म्हणाले. "सीटखाली. या गाडीत त्याले काम नाही."

मी पाय मागं घेतला. त्यांनी स्वतःचा आधीच घेतलेला होता, आणि अमरावती येईपर्यंत तो हलला नाही.